धातू आम्लात टाकला की हायड्रोजन सुटेल का, हे आधीच कसं ओळखायचं

शाळेत सगळ्यांनाच ती यादी पाठ करायला लावतात, वरती पोटॅशियम सोडियम कॅल्शियम, खाली चांदी नि सोनं, मधे कुठेतरी हायड्रोजन, आणि नियम एवढाच की हायड्रोजनच्या वरचा धातू आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतो आणि खालचा काढत नाही. नियम खोटा नाहीये. पण मग अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला की तो ढिम्म बसून राहतो, शिसं यादीत हायड्रोजनच्या वर असूनही पातळ सल्फ्युरिक आम्लात हूं की चूं करत नाही, आणि तेच अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, म्हणजे जिथे आम्ल नावालाही नाही तिथे, एवढा गॅस सोडतं की भांडं हातात धरवत नाही. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलेलं बाटल्यांवरची लेबलं अदलाबदल झालीत. तसं काही नव्हतं. ती यादी एका ठराविक आम्लतेला धरून केलेली असते, आणि आम्लता बदलली की त्यातली हायड्रोजनची जागा सरकते, हेच नेमकं कुणी सांगत नाही. तर हा लेख त्यासाठी.

आधी गॅस येतो कुठून ते बघू

आम्लाच्या पाण्यात हायड्रोजनचे आयन फिरत असतात, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजनचे अणू (एकटे नसतात, पाण्याच्या रेणूला चिकटलेले असतात, पण ते आत्ता सोडा). धातू आपले इलेक्ट्रॉन सोडतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात विरघळतो, ते इलेक्ट्रॉन हायड्रोजनचे आयन उचलतात, दोन अणू जोडले गेले की एक रेणू, आणि असे ढीगभर रेणू एका जागी जमले की बुडबुडा. म्हणजे गॅस आम्लातनं येतो, धातूतनं नाही, बरेच जण इथेच उलटं समजून बसतात. रॉबर्ट बॉइलनं १६७१ मध्येच लोखंडाच्या किसावर आम्ल ओतून हा पेट घेणारा गॅस काढला होता आणि हेन्री कॅव्हेंडिशनं १७६६ मध्ये जस्त, लोखंड, कथील वापरून त्याचा नीट अभ्यास केला, पण त्यालाही तेव्हा वाटत होतं की गॅस धातूमधून निघतोय. तेव्हा तुमचा गोंधळ झाला असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

आता प्रश्न एवढाच उरतो की इलेक्ट्रॉन सोडायची धातूची घाई जास्त की कमी, आणि ते उचलायची हायड्रोजन आयनांची ओढ किती. पहिली गोष्ट धातूवर ठरते, दुसरी आम्लतेवर.

पायरी १: धातूचा आकडा काढा

प्रत्येक धातूला व्होल्टमध्ये एक आकडा असतो, प्रमाण विभव म्हणतात त्याला, कुठल्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात मागे कोष्टक असतं. आकडा जितका उणे तितकी इलेक्ट्रॉन सोडायची घाई जास्त. कामाचे तेवढे सांगतो: मॅग्नेशियम उणे २.३७, अ‍ॅल्युमिनियम उणे १.६६, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, निकेल उणे ०.२६, कथील उणे ०.१४, शिसं उणे ०.१३, आणि शून्याच्या वर गेलं की तांबं ०.३४, चांदी ०.८०, सोनं तर १.५० च्या आसपास.

हे आकडे त्या धातूचे आयन पाण्यात भरपूर (लिटरला एक मोल, मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक) असताना मोजलेले आहेत. तुम्ही कोरं आम्ल घेऊन त्यात धातू टाकता तेव्हा सुरुवातीला असे आयन जवळजवळ नसतातच, त्यामुळे खरा आकडा अजून खाली असतो, दोन इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या धातूसाठी दर दहापट पातळपणाला साधारण ०.०३ व्होल्ट. दहा लाख पट पातळ धरलं तर लोखंडाचा आकडा उणे ०.६२ पर्यंत जातो. हे लक्षात ठेवा, पुढच्याच पायरीत लागणारे.

पायरी २: पीएचवरून हायड्रोजनचा आकडा काढा

हा सगळ्यात सोपा भाग आणि सगळ्यात जास्त कामाचा. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका लहान तितकी आम्लता जास्त. पीएच शून्य असताना हायड्रोजनचा आकडा शून्य, आणि पीएच एकानं वाढला की तो ०.०५९ व्होल्टनं खाली येतो (तापमान २५ अंश सेल्सियस धरून). बस, पीएचला ०.०५९ नं गुणा आणि पुढे उणे लावा. पीएच ३ ला उणे ०.१८, पीएच ७ ला उणे ०.४१, पीएच १४ ला उणे ०.८३. पीएच ही कल्पना सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये आणली आणि हे गणित नर्न्स्टच्या समीकरणातून येतं, ते १८८९ चं, पण समीकरण नाही आलं तरी चालेल, गुणाकार आला पाहिजे.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. धातूचा आकडा हायड्रोजनच्या आकड्यापेक्षा खाली असेल तर गॅस सुटणं शक्य आहे, वर असेल तर नाही. कथील किंवा शिसं पीएच १ च्या आम्लात खाली बसतं म्हणून शक्य, पण साध्या पाण्यात हायड्रोजन उणे ०.४१ वर उतरलेला असतो, कथलाचा आकडा आयन अगदी पातळ धरले तरी उणे ०.३२ च्या आसपासच थांबतो, म्हणजे तिथे नाही. शाळेच्या यादीत हायड्रोजनच्या वर असलेलं कथील साध्या पाण्यात यादीत हायड्रोजनच्या खाली गेल्यासारखं झालं की नाही? यादी बदलली नाही, पीएच बदलला.

तांब्याचं काय करणार. हायड्रोजन जास्तीत जास्त शून्याच्या थोडा वर जातो, आम्ल अगदी कडक घेतलं तरी पीएच उणे १ च्या आसपास म्हणजे ०.०६ व्होल्ट, आणि तांबं आयन पातळ धरूनही ०.१६ च्या खाली येत नाही. म्हणून पातळ आम्ल कितीही ओता, तांब्यातून हायड्रोजन नाही. चांदी सोन्याचा विषयच संपला.

लोखंडाचं मात्र गंमतशीर आहे. आकड्यानं बघितलं तर लोखंड साध्या पाण्यातही हायड्रोजन सोडू शकतं, उणे ०.६२ हे उणे ०.४१ च्या खालीच आहे ना, पण खिळा पाण्यात टाकून तुम्ही बुडबुड्यांची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल. खिळा गंजतो, पण तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे, कारण इलेक्ट्रॉन उचलायला ऑक्सिजन हायड्रोजन आयनापेक्षा कितीतरी जास्त उत्सुक असतो (पीएच ७ ला त्याचा आकडा अधिक ०.८२). साधारण पीएच ४ ते १० च्या मधे लोखंड गंजण्याचा वेग जवळपास सारखाच राहतो कारण तो ऑक्सिजन किती पोचतोय त्यावर ठरतो, आणि पीएच ४ च्या खाली गेलं की हायड्रोजन सुटायला लागतो आणि वेग एकदम चढतो. म्हणजे "शक्य आहे" आणि "डोळ्यासमोर होईल" यात बरंच अंतर आहे, आणि ते अंतर कशानं पडतं ते पुढे.

पायरी ३: धातूच्या अंगावर काय चढलंय ते बघा

माझ्या मते नव्या माणसाच्या दहापैकी आठ चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

अ‍ॅल्युमिनियमचा आकडा उणे १.६६ म्हणजे त्यानं साध्या पाण्यातही धुमाकूळ घालायला हवा. घालत नाही, कारण हवा लागली की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो आणि तो इतका घट्ट असतो की आम्ल आतल्या धातूपर्यंत पोचतच नाही. हा थर साधारण पीएच ४ ते ८.५ मधे टिकतो. त्याच्या खाली तो आम्लात विरघळतो आणि त्याच्या वर अल्कलीत (आम्लाच्या उलट, कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात) विरघळतो, म्हणजे दोन्ही टोकांना अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं आणि हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हायड्रोजन आयन जवळजवळ शून्य असतात, तिथे गॅस थेट पाण्याच्या रेणूतून निघतो, हायड्रोजनचा आकडा उणे ०.८३ वर गेलेला असतो पण अ‍ॅल्युमिनियमचाही तिथे उणे २.३ च्या आसपास असतो, त्यामुळे ओढ भरपूर शिल्लक आणि अडवायला थर नाही. जस्तही असंच दोन्हीकडून जातं, फक्त सावकाश. लोखंड थंड अल्कलीत शांत बसतं.

मग व्हिनेगरमध्ये अ‍ॅल्युमिनियम का बसून राहतं, त्याचा पीएच तर २.४ च्या आसपास? थर विरघळायला लागतो खरा, पण फार हळू. इथे आम्लाबरोबर दुसरा कोण आयन आलाय तेही बघावं लागतं. हायड्रोक्लोरिक आम्लातले क्लोराइड आयन ऑक्साइडच्या थराला भोकं पाडतात, सल्फेट आयन तसं करत नाहीत, म्हणून तेवढ्याच पीएचच्या सल्फ्युरिक आम्लात अ‍ॅल्युमिनियम बरंच मागे पडतं. आणि हायड्रोक्लोरिकमध्येही पहिले काही मिनिटं काहीच दिसत नाही, मग एखाद दुसरा बुडबुडा, मग द्रावण तापतं, तापलं की वेग वाढतो, वेग वाढला की अजून तापतं आणि बघता बघता नळीतून फेस वर. या शांत मिनिटांमध्ये "काही होत नाहीये" म्हणून अजून आम्ल ओतणारे खूप असतात. ओतू नका!

शिशाचं उलटं. सुरुवातीला ते स्वच्छ असतं पण सल्फ्युरिक आम्लात गेलं की त्याच्यावर शिशाचं सल्फेट तयार होतं, ते विरघळत नाही, आणि तोच थर मग आम्लाला अडवतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा थर आधीपासून असतो, शिशाचा रिअ‍ॅक्शनमधून तयार होतो. मॅग्नेशियमचंही साध्या पाण्यात असंच होतं, थोडं विरघळतं, हायड्रॉक्साइडचा पांढुरका थर बसतो, मग रेंगाळतं. पाणी गरम केलं की जरा वेग येतो, आणि पीएच खाली आणला की थर टिकतच नाही, लगेच फसफस.

तेव्हा आकडे जुळले तरी हा प्रश्न विचारायचाच: या पीएचला या धातूचं ऑक्साइड, हायड्रॉक्साइड किंवा मीठ विरघळतं का? मार्सेल पोर्बे नावाच्या शास्त्रज्ञानं यासाठी नकाशेच करून ठेवलेत, आडव्या अक्षावर पीएच, उभ्यावर व्होल्ट, कुठे धातू सुरक्षित, कुठे विरघळतो, कुठे थर चढतो. गंज थांबवण्याचं काम करणारी मंडळी आजही तेच उघडून बसतात. पण एक धरून चला, नकाशा वेग सांगत नाही.

पायरी ४: वेग

एकदम शुद्ध जस्त पातळ सल्फ्युरिक आम्लात टाकलं तर बुडबुडे इतके हळू येतात की बाटलीच चुकली असं वाटतं. जस्ताच्या पृष्ठभागावर दोन हायड्रोजन अणूंची जोडी जमणं अवघड जातं, प्लॅटिनमवर ती लाखो पटीनं सोपी. यावर जुना उपाय म्हणजे मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, तांब्याचं मीठ) द्रावणाचे दोन-चार थेंब. जस्तावर तांब्याचे बारीक ठिपके बसतात, इलेक्ट्रॉन जस्त देतं पण हायड्रोजन तांब्यावर तयार होतो कारण तिथे सोपं पडतं. हेच डोळ्यांनी बघायचं तर जस्ताची पट्टी आणि तांब्याची तार एकाच आम्लात उभी करा, वेगळी असताना तार शांत, आणि दोन्ही एकमेकांना टेकवली रे टेकवली की बुडबुडे तांब्यावरून यायला लागतात! बघणाऱ्याला वाटतं तांबं रिअ‍ॅक्ट होतंय. तांब्याचं एक कणभरही जात नाही, विरघळतंय जस्त.

उलट बाजूनं हाच अडथळा कामालाही येतो. शिसं-आम्ल बॅटरीच्या एका सेलला दोन व्होल्ट मिळतात ते शिशावर हायड्रोजन सहज तयार होत नाही म्हणूनच, नाहीतर चार्ज करताना सगळी वीज गॅस बनवण्यातच गेली असती. जास्त चार्ज केली की थोडा सुटतोच, म्हणून तिथे ठिणगी नको म्हणतात.

बाकी तापमान, तुकडा मोठा की भुकटी, या गोष्टी तुम्हाला माहीतच असतील.

पायरी ५: पीएच वेगळा, आम्लाचा साठा वेगळा

पीएच सांगतो की आत्ता या क्षणी किती हायड्रोजन आयन मोकळे आहेत. एकूण किती गॅस मिळेल ते तो सांगत नाही. ५ टक्के व्हिनेगर घ्या, पीएच साधारण २.४. आता पातळ करत करत २.४ पीएचचंच हायड्रोक्लोरिक आम्ल बनवा. दोन्हीत मोकळे आयन सारखेच, पण व्हिनेगरमध्ये लिटरला ०.८३ मोल आम्ल आहे, त्यातलं बहुतेक जोडलेल्या अवस्थेत मागे रांगेत उभं, आणि पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये लिटरला फक्त ०.००४ मोल. दोन्हीतनं १० मिली घेऊन मॅग्नेशियमची पट्टी टाकली तर हायड्रोक्लोरिकमधून जेमतेम अर्धा मिली हायड्रोजन आणि मग पीएच वर जाऊन काम मंदावणार, व्हिनेगरमधून मात्र १०० मिलीच्या जवळपास. दोनशे पट! आणि सुरुवातीचा पीएच कागद दोन्हीला सारखाच रंग दाखवतो.

हेच पातळ करतानाही दिसतं. हायड्रोक्लोरिक दहापट पातळ केलं की पीएच पूर्ण एकानं चढतो, व्हिनेगर दहापट पातळ केलं की अर्ध्यानंच, २.४ वरून २.९.

पायरी ६: आता करून बघा

चष्मा लावा, साधा नाही, डोळे बाजूनं झाकणारा. हातमोजे. खिडक्या उघड्या. जवळपास ज्योत नाही, कारण हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो, एवढी मोठी रेंज फार कमी गॅसची असते. भांड्याचं तोंड कधीही बंद करायचं नाही, हे तीन वेळा वाचा. कडक आम्ल घरी हाताळू नका, लॅबमध्ये असाल तर आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. नाली साफ करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, काहींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे तुकडेही असतात, तेव्हा ती आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी एकमेकांपासून लांब.

चार टेस्ट ट्यूब घ्या. एकीत व्हिनेगर तसंच, दुसरीत दहापट पातळ, तिसरीत शंभरपट, चौथीत नुसतं पाणी, प्रत्येकीत १० मिली. पीएच कागदानं आधी मोजून लिहून ठेवा. मग मॅग्नेशियमच्या पट्टीचे सारखे तुकडे, आधी पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेले, कारण घासलं नाही तर तुम्ही मॅग्नेशियम नाही, त्यावरचा थर तपासताय. तुकडा ०.१ ग्रॅमच्या आतच ठेवा, तेवढ्यातूनच साधारण १०० मिली गॅस निघतो. घड्याळ लावा, बुडबुडे कधी सुरू झाले, किती वेळात तुकडा संपला ते लिहा. मग हेच जस्ताच्या दाण्याबरोबर, लोखंडी खिळ्याबरोबर, तांब्याच्या तारेबरोबर. खिळा घेताना चकचकीत पांढरा घेऊ नका, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तुम्ही खुशाल लोखंडाच्या नावावर जस्ताचे आकडे लिहाल (मी लिहिलेत). लोखंडाला व्हिनेगरमध्ये तासन्‌तास द्या, पाच मिनिटांत "होत नाही" असं ठरवू नका.

गॅस खरंच हायड्रोजन आहे का ते बघायचं तर एक छोटी रिकामी ट्यूब उलटी धरून त्यात गॅस गोळा करा, ती रिअ‍ॅक्शनच्या ट्यूबपासून हातभर लांब न्या, आणि मग तोंडाशी पेटती काडी. पॉप असा आवाज आला की हायड्रोजन. मोठ्या भांड्यात हा प्रयोग कधीच नाही. बाय द वे हायड्रोजनला वास नसतो, लोखंडातून वास येतो तो त्यातल्या अशुद्ध गोष्टींचा.

नायट्रिक आम्लाचा घोळ

तांबं नायट्रिक आम्लात टाकलं तर गॅस येतो, म्हणजे वरचं सगळं चूक? नाही. तिथे इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयन नाही, नायट्रेट उचलतं, त्याचा आकडा ०.९६ म्हणजे तांब्याच्याही वर, आणि जो तपकिरी धूर दिसतो तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, विषारी. नायट्रिकमधून हायड्रोजन मिळतो तो फक्त अगदी पातळ केलेलं असताना आणि तेही मॅग्नेशियम किंवा मँगनीजकडून. कडक गरम सल्फ्युरिकमध्येही तसंच, सल्फर डायऑक्साइड येतो. म्हणून बुडबुडे दिसले म्हणजे हायड्रोजन असं धरायचं नाही.

आणि मधेच बुडबुडे थांबले तर ट्यूब ओतून देऊ नका, आधी पीएच कागद पुन्हा बुडवा. पीएच ५-६ च्या वर गेला असेल तर आम्ल संपलं, अजून घातलं की परत सुरू होईल. पीएच अजून २-३ असेल आणि तुकडाही शिल्लक असेल तर त्याच्या अंगावर काहीतरी बसलंय, चिमट्यानं काढा, धुवा, घासा आणि परत टाका.